माय नाक्यावर आली तो बाजारचा दिवस

आमच्या घरात घड्याळ नव्हतं, पण नाक्याचं लाकूड होतं. सकाळी पहिली गाडी आली की ते कुरकुरत वर जायचं आणि माय म्हणायची, "उठ गं सुमे, लाकूड उठलं, तू आजून लोळायलीस." लाल-पांढरे पट्टे ओढलेलं, एका टोकाला दगड बांधलेलं ते लांब लाकूड सडकेवर आडवं पडलेलं असायचं. अलीकडं कर्नाटक, पलीकडं महाराष्ट्र. दुपारी नाक्यावरचं पिवळं कुत्रं बरोबर त्या लाकडाखाली झोपायचं, डोकं एका राज्यात आणि शेपूट दुसऱ्या राज्यात. मायला या हद्दीचं कधीच पटलं नाही. तिचं माहेर अलीकडं निर्ण्याला, थोरली लेक दिलेली पलीकडं उदगीरच्या अंगाला, आणि ती स्वतः राहायला या लाकडाच्या शेजारी. "निजामाच्या वक्ताला समदं एकच व्हतं. मधी ही रेघ कुनी वढली, आन् आमाला इचारलं कामून न्हाई?" असं ती चुलीला विचारायची. चूल बिचारी काय सांगणार.

अप्पा नाक्यावर शिपाई होते. त्यांचा खाकी सदरा माय रोज धुवायची आणि ते स्वतः पितळी तांब्यात निखारे भरून त्याला इस्त्री करायचे. घडीवरून बोट फिरवलं तर कापेल, अशी ती इस्त्री. आमचं दीक्षा घेतलेलं घर. भिंतीवर निळ्या कोटातला फोटो होता. ड्यूटीवर जायच्या आधी अप्पा त्याच्यासमोर उभे राहायचे, हात जोडायचे आणि मग सदऱ्याचं वरचं बटण लावायचे. बटण नेहमी फोटोसमोरच. मी लहानपणी समजत होते की सरकार म्हणजे तो फोटो, आणि अप्पा त्याची रोज परवानगी घेऊन कामावर जातात. आता वाटतं, फार चुकत नव्हते.

घर दोन खणांचं. एका कोपऱ्यात जातं, दुसऱ्या कोपऱ्यात जवारीची कणगी. आमचा एक कोरडवाहू तुकडा होता, तो बरा पिकला तर कणगी गळ्यापर्यंत भरायची. गावातल्या सगळ्या बाया दाण्यात कडुनिंबाचा पाला घालायच्या, माय मात्र निर्गुडीचा घालायची. माहेरची रीत म्हणून. त्यामुळं आमच्या भाकरीलाही निर्गुडीचा एक कडसर वास असायचा, आणि मी परक्या घरी जेवले की मला त्यांची भाकरी मिळमिळीत लागायची. हुलग्याचं माडगं, अंबाडीची भाजी, कारळाची चटणी, एवढ्यावर आमचं सगळं बालपण झालं. मी काही त्याबद्दल रडगाणं गाणार नाही. आजही पंचपक्वान्न समोर ठेवलं तर मी आधी कारळाची चटणी शोधते.

हे सगळं आज लिहायला बसले ते प्रज्ञामुळं. प्रज्ञा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, शेवंताअक्काची नात. गुलबर्ग्याला वकिलीच्या कॉलेजात आहे. (शहराचं नाव बदलून कलबुर्गी झालं, पण आमच्या तोंडातलं जुनं काही जात नाही.) मध्यंतरी तिचा फोन आला, "मावशीआज्जी, निबंध लिहायचाय. राज्यसंस्था माणसाच्या हक्कांवर गदा आणते, तरी ती नैतिकदृष्ट्या योग्य ठरते का? तू नागरिकशास्त्र शिकवलंस ना, सांग." मी आयुष्यभर मराठी शाळेत पोरांना नागरिकशास्त्र शिकवलं, हे खरं. पण पुस्तकातलं उत्तर माझ्या तोंडून निघेना. मला नाक्यावरची माय दिसायला लागली. मी म्हटलं, "पोरी, तुझा बाप ज्या साली जन्मला त्या सालाची गोष्ट हाय, फोनवर व्हायची न्हाई."

ते साल वाईट होतं. पाऊस नावाला पडला आणि गेला. लोक खडी फोडायच्या कामावर जायला लागले. आणि एक दिवस नाक्यावर हुकूम आला की दाणा हद्दीबाहेर जायचा नाही. जवारी नाही, पीठ नाही, तूर नाही. त्याआधी अप्पांचं काम म्हणजे लाकूड वर करणं, खाली करणं आणि लोकांना रामराम-जयभीम करणं. आता त्यांच्या हातात पोकळ लोखंडी सळई आली. संशय आला की ती पोत्यात खुपसायची, बाहेर काढली की आतल्या मालाचे चार दाणे तिच्याबरोबर येतात. पहिल्याच आठवड्यात पेंडीचा म्हणून चाललेल्या ट्रकात अप्पांनी सळई खुपसली आणि खालून पांढरीशुभ्र जवारी आली. पलीकडं भाव जास्त मिळत होता, म्हणून व्यापारी इकडची जवारी तिकडं न्यायला लागले होते. तो अख्खा ट्रक उतरवून घेतला गेला आणि सगळा दाणा गावातल्या कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या दुकानात आला. त्या दिवशी दुकानापुढं लागलेली रांग मला आठवते. पाटलांचा गडी आणि आमच्या वस्तीतली सोनाबाई मागं-पुढं उभे होते, आणि सोनाबाई पुढं होती. अप्पा लांबून बघत होते. घरी येऊन मायला म्हणाले, "बघितलीस का रांग? जो आदी येईल तो आदी. ह्याला सरकार म्हनत्यात." माय म्हणाली, "बघितली. जेवा आता."

अक्का तेव्हा दुसऱ्यांदा बाळंत होणार होती. पहिलं मूल राहिलं नव्हतं. खरं तर मायला या खेपेला तिला इकडं आणायचं होतं, पण अक्काची सासू अंथरुणाला खिळलेली. सुनेला सोडीना. अक्का तिकडंच बाळंत झाली, मुलगा झाला, आणि पाठोपाठ निरोप आला. निरोप आणला इरण्णानं. इरण्णा गाडीवान, आमच्याच गावचा, दोन्ही बाजूच्या बाजारांना बैलगाडीनं माल नेणारा, निम्मं कन्नड निम्मं मराठी बोलणारा. दारात उभा राहून म्हणाला, "अक्काच्या अंगावर दूध येईना. पोर रडालंय नुसतं. तिकडं कंट्रोलला ती लाल मिलो भेटालीय, ती तिला पचना. जवारीच्या कण्या पायजेत म्हनं." लाल मिलो म्हणजे परदेशातून आलेली जवारी. भाकरी थापली तर तुटायची, खाल्ली तर पोटात दगड. मायनं ते ऐकलं, पदरानं तोंड पुसलं आणि कणगीकडं बघितलं. कणगी निम्म्याच्या खाली होती, पण होती.

"तिलाच घेऊन येऊ की हिकडं," मी म्हटलं. माय म्हणाली, "बाळंतीन सव्वा महिना गावची शीव वलांडत न्हाई." दीक्षा घेतली तेव्हा माझ्या माणसांनी घरातले देव ओढ्यात सोडले, व्रतं सोडली, नवस सोडले. पण बाळंतिणीची शीव काही कुणाकडून सुटली नाही. अक्काच्या सासूनं अंथरुणातूनच फर्मान काढलं होतं. दोन राज्यांची हद्द आणि एका सासूची शीव, दोन्हींच्या मधे माझी अक्का पडली होती.

जायला दोन वाटा होत्या. एक सडक, नाक्यावरून. दुसरी ओढ्याची. ओढा तर कोरडाच पडलेला, त्यातून चालत गेलं की अर्ध्या घटकेत पलीकडं. मूठपसा दाणा न्यायचा असेल त्या सगळ्या बाया ओढ्यानंच जायच्या. नाक्यावरून ओढा स्पष्ट दिसायचा. पण डोक्यावर गठुडं घेतलेली एखादी बाई ओढ्यातून जाताना दिसली की अप्पा पाणी प्यायला आत जायचे, हे मला माहीत होतं आणि मायलाही माहीत होतं. हुकूम ट्रकांसाठी आहे, असं अप्पा मनाशी धरून चालायचे. मात्र सडकेवरून आलं की कोणाचीही गय नाही. इरण्णाची पोती त्यांनी दोनदा उतरवून घेतली होती, आणि इरण्णा तेव्हापासून अप्पांशी धड बोलत नव्हता.

तो बाजारचा दिवस होता. मी अप्पांचा डबा घेऊन नाक्यावर गेले. अप्पा उन्हात बसलेले. मला नवल वाटलं, कारण नाक्यावरच्या चिंचेची सावली ओढ्याच्या बाजूला पडली होती आणि रोज ते तिथंच बसायचे. त्या दिवशी ओढ्याकडं पूर्ण पाठ करून, उन्हात, घाम गाळत बसले होते. मी म्हटलं, "अप्पा, सावलीत बसा की." म्हणाले, "ऱ्हाऊ दे." बाजारची गर्दी होती. गाड्या, टोपल्या, शेरडं, कोंबड्या. इरण्णाची गाडी लाकडाला लागून उभी होती. आणि गावाकडून सडकेच्या मधोमध माय येताना दिसली. धुतलेलं लुगडं, डोक्यावर पदर, पदरावर चुंबळ, चुंबळीवर गठुडं. इकडं बघत नाही, तिकडं बघत नाही.

इरण्णा गाडीवरून म्हणाला, "बगू या आता. नाकेवाल्याच्या घरचा कायदा कसा हाय." आजूबाजूचे लोक थांबले. शेरडं तेवढी ओरडत होती.

अप्पा उठले. सदऱ्याचं वरचं बटण लागलेलंच होतं, तरी त्यांनी ते चाचपलं.

"कुठं निघालीस?"

"शेवंताकडं."

"डोस्क्यावर काय हाय?"

"तुमास्नी ठाव न्हाई व्हय? सकाळी तुमच्या म्होरंच बांधलं की."

अप्पांनी एकदा इरण्णाच्या गाडीकडं बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाळाची कापडं हायत का?"

आज इतक्या वर्षांनी मला त्या प्रश्नाचा अर्थ कळतो. तेव्हा मला वाटलं, अप्पांना कसं कळत नाही, कापडाचं गठुडं एवढं जड कधी असतं का! मायनं त्यांच्या तोंडाकडं नीट बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "न्हाई. जवारी हाय."

"जवारी जात न्हाई."

"लेकीच्या अंगावर दूध न्हाई. पोर रडून रडून निळं पडायलंय. तुमचं नातवंड हाय ते. सांगा तुमच्या सरकारला."

"हितं सरकार म्याच हाय," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता. अप्पांचा आवाज कापलेला मी पहिल्यांदा ऐकला आणि मला त्यांची भीती वाटायच्या ऐवजी रडूच आलं.

"मंग उतरवा, सरकार," माय म्हणाली. "माझ्या एकटीच्यानं उतरत न्हाई."

अप्पांनी सळई खाली ठेवली. पुढं झाले आणि दोन्ही हातांनी तिच्या डोक्यावरचं गठुडं उतरवून घेतलं. रोज संध्याकाळी ती पाण्याची घागर घेऊन यायची तेव्हा दारात ते ती अश्शीच उतरवून घ्यायचे, आधी घागरीला हात, मग तिच्या खांद्याला आधार. त्या दिवशीही खांद्याला हात लागला. मग त्यांनी गठुडं सोडलं आणि जप्तीच्या पोत्यात जवारी ओतली. निर्गुडीचा वाळका पाला दाण्यांबरोबर सांडला. माय वाकली, रिकामं फडकं उचललं, झटकलं, त्याची घडी घातली. "फडकं माझ्या माहेरचं हाय, सरकारचं न्हाई," म्हणाली आणि आली तशी सडकेच्या मधोमध परत गेली. कुणी हसलं नाही. इरण्णानंही बैलांच्या शेपट्यांकडं बघत राहणं पसंत केलं.

संध्याकाळी मी अप्पांबरोबर घरी चालले होते. मला इतका राग आला होता की मी त्यांचं बोट धरलं नाही. त्यांनीच बोलायला सुरुवात केली. "सुमे, इरण्णाची पोती उतरवली तवा त्याच्याबी घरी कुनी उपाशी आसंल. म्या इचारलं न्हाई. मंग माझ्या घरचं कसं इचारू?" थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, "तुझ्या आज्ज्याचा निवाडा चावडीवर व्हायचा. आज्जा खाली धुळीत बसायचा. आन् आदी बगायचे, हा कुनाचा कोन. कुनाचा कुनीच न्हाई म्हनल्यावर निवाडा काय व्हनार ते आदीच ठाव आसायचं. सरकार कुनाचा कोन ते बगत न्हाई, म्हनून ही खाकी माझ्या अंगावर हाय. आज म्या बगितलं आसतं, तर उद्या कुन्या तोंडानं घातली आसती?" मला ते पटलं नाही. मला फक्त अक्काचं पोर रडताना ऐकू येत होतं. मोठ्या माणसांच्या खऱ्या बोलण्याचा लहानपणी काही उपयोग होत नाही, ते नंतर कामाला येतं.

घरात अबोला सुरू झाला. पण आमचं घर एवढंसं, अबोला धरायला तरी जागा कुठाय! म्हणून मायनं मला मधे घातलं. "सुमे, सरकारला सांग, भाकर वाढलीय." अप्पा चुलीपासून दोन हातांवर बसलेले. "सांग तिला, मला ऐकू आलं." "सरकारला इचार, कोरड्यास आनिक पायजे का." "सांग, नको." "नको कामून? सरकार उपाशी ऱ्हायलं तर राज्य कसं चालंल?" मला हसू येत होतं, पण हसायची सोय नव्हती. त्या दिवसापासून मायच्या तोंडी अप्पांना 'सरकार' चिकटलं ते चिकटलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाकूड उठायच्या आधीच जात्याची घरघर सुरू झाली. मी बघते तर मायनं कणगीतून आणखी जवारी काढलेली, आणि चुलीवर मोठा तवा. ती भाकरी थापायला लागली. रोजच्यासारखी जाड नाही. पातळ, हातावर घेतली तर पलीकडचा उजेड दिसावा अशी. भाजून झाली की उपड्या टोपलीवर चुलीच्या धगीला टाकायची, वाळून कडक झाली की चळतीवर चळत. आमच्या भागात कडक भाकरी नवी नाही, महिना-महिना टिकते, गावाला जाताना लोक नेतात. पण एवढ्या भाकरी कधी कुणी एका घरात केल्या नव्हत्या. पहाटेपासून घरभर थप-थप-थप, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. अप्पांनी कामावर जाताना टोपल्यांकडं बघितलं, एक भाकरी उचलली, बोटांनी कडकन मोडली आणि तो तुकडा खिशात घालून गेले.

त्या दिवशी नाक्याचे साहेब जीपनं येणार होते. ते मूळचे हैदराबादकडचे, दख्खनी बोलायचे. अप्पांनी खिशातला तुकडा काढून त्यांच्यापुढं धरला आणि विचारलं, ही अडवायची का सोडायची. साहेब खो-खो हसले. "अरे बाबा, रोटी कू कौन रोकता? हुकूम दाने का है, आटे का है. रोटी किसीने पकाई, किसीने खाई, उस में सरकार का क्या?" एवढ्यावर कुणीही समजलं असतं. अप्पांनी पुन्हा विचारलं, "सगळ्यांची सोडायची का, साहेब? का फकस्त माझ्या घरची?" साहेबांचं हसू थांबलं. म्हणाले, "सब की."

अप्पा त्या दुपारी लवकर घरी आले. खाकी सदरा काढून खुंटीला लावला, हात-पाय धुतले, आणि जात्याच्या पलीकडं मायसमोर येऊन बसले. गडीमाणूस जात्यावर बसलेला मी तोपर्यंत बघितला नव्हता. मायनं खुंट्याला धरलेला हात थोडा खाली सरकवला, वर अप्पांच्या हाताला जागा केली. दोघं दळायला लागले. एक शब्द नाही. पीठ मात्र भुरभुर पडत होतं. मी चुलीपाशी बसून बघत राहिले आणि मला वाटलं, असंच चालू राहावं, संपूच नये.

वस्तीतल्या बायांनी कारळाची चटणी आणली, कुणी खारीक-खोबरं, कुणी डिंक. सगळ्या भाकरी होईस्तोवर आठवडा गेला, आणि पुढच्या बाजारी माय भाकरींचं भलंमोठं गठुडं घेऊन पुन्हा सडकेनंच निघाली. या खेपेला इरण्णानं आपणहून बैल थांबवले. "चडा की, म्या सोडतो." नाक्यावर अप्पांनी विचारलं, "काय हाय?" "भाकरी." "खोल." तिनं खोललं, त्यांनी बघितलं आणि स्वतः दगडाकडं जाऊन लाकूड वर केलं. पाठोपाठ साऱ्या वस्तीनं, मग साऱ्या गावानं तीच वाट धरली. घराघरातून थप-थप ऐकू यायची आणि सडकेवरून कडक भाकरींच्या चळती पलीकडं लेकीबाळींकडं जायच्या. व्यापाऱ्यांनी काही भाकरीचा धंदा केला नाही. ट्रकभर जवारी दुसऱ्याच्या हमालांकडून भरून घेता येते, भाकरी मात्र एकेक करून कुणीतरी हातानं थापावी लागते. अक्कानं त्या भाकरी गरम पाण्यात कुस्करून गूळ घालून खाल्ल्या. दूध आलं. पोर गप झालं, बाळसं धरलं. तोच मिलिंद. आज बीदरला कारखान्यांच्या भागात एका गोदामावर देखरेखीचं काम करतो, ढेरी सुटलीय, आणि प्रज्ञाचा बाप आहे.

पण गोष्ट इथं संपत नाही. माय अक्काकडून परत आली, तरी अबोला होताच. एक दिवस ती घासलेटासाठी कंट्रोलच्या रांगेत उभी होती. तिच्या पुढं खडी फोडायच्या कामावरची एक वडारीण होती, पाठीला पोर बांधलेलं. ना आमच्या वस्तीतली, ना गावातली, कुठून आली कुणास ठाऊक. दुकानदारानं तिच्या पदरात जवारी मापली आणि मायला दाण्यांत निर्गुडीचा पाला दिसला. गावात निर्गुडी घालणारी ती एकटी. वडारणीनं पाला निवडून टाकला, चार दाणे पोराच्या तोंडात दिले, चार स्वतःच्या, आणि तिथंच उभ्या उभ्या कचाकचा चावून खायला लागली.

माय घासलेट न घेताच घरी आली. अप्पा दारात बसलेले. ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि पहिल्यांदा, मला मधे न घालता, बोलली. "आपली जवारी कुनाच्या पोटात गेली ते बगून आले." सगळं सांगितलं. मग म्हणाली, "तुमचं बरुबर व्हतं." अप्पांनी मान वर केली. "पर माझी लेक आठ दिस तळमळली, तेबी खरं हाय. दोनी खरं हाय. म्या दोन्हीपैकी एकबी सोडनार न्हाई, तुमीबी सोडू नगा." अप्पा म्हणाले, "न्हाई सोडत." आणि त्यांनी तिचा हात हातात घेतला, माझ्यादेखत. आमच्याकडं असं कुणी करत नसे.

प्रज्ञाला मी हे सगळं समोर बसवून सांगितलं. ती वहीत काही लिहिणार होती, तिनं लिहिलं नाही. मग म्हणाली, "म्हणजे आज्जी, उत्तर हो का नाही?" मी म्हटलं, "अजून एक ऐक." आत्ताआत्ता साथीच्या काळात हीच हद्द पुन्हा बंद झाली. नाका केव्हाच मोडला होता, ते लाकूडही कुणीतरी जाळलं असेल. या खेपेला सडकेवर मुरमाचा ढीग टाकला होता, माणसाच्या डोक्यापर्यंत उंच. पलीकडं अक्का एकटी, तापानं फणफणलेली. मी बॅगेत कडक भाकरी घेऊन ढिगाऱ्यापाशी गेले. तिथं कुणीच नव्हतं. रोग खोटा नव्हता, तो ढीगही कदाचित बरोबरच असेल, मी त्यावर वाद घालत नाही. पण विचारायचं कुणाला? ढिगाऱ्याला काय सांगू, माझी बहीण आजारी आहे म्हणून? तो काय माझ्या डोक्यावरचं ओझं उतरवून घेणार? मी साठी उलटलेली, पेन्शन खाणारी, जन्मभर पोरांना कायदा पाळा म्हणून सांगणारी बाई, पातळ वर खोचलं आणि ओढ्यानं गेले. मला त्याची लाज वाटली नाही. अक्का बरी झाली.

माय ओढ्यानं का गेली नाही, हे मात्र मला खूप उशिरा कळलं. अप्पा शेवटी शेवटी खाटेवर होते. दात गेलेले, माय त्यांना कडक भाकरी दुधात भिजवून, मऊ करून भरवायची. मी सुट्टीला गेले होते. असंच बोलता बोलता विचारलं, "अप्पा, त्या दिवशी माय ओढ्यानं गेली असती तर?"

अप्पांनी तोंडातला घास गिळला. म्हणाले, "मला वाटलं व्हतं, ती तिकडनंच जाईल. म्हनून तर सकाळधरनं ओढ्याकडं पाठ करून बसलो व्हतो. उन्हात."

"ठाव हाय मला," माय म्हणाली. वाटीतली भाकरी ती चमच्यानं मोडत होती. "म्या घराम्होरनं बगितलं की, तुमी पाठ करून बसलाव ते. म्हनूनच सडकेनं आले. सोडायचं तर तोंडावर सोडा, आडवायचं तर तोंडावर आडवा. माझ्या मान्सानं माझ्याकडं पाठ करून बसावं, येवढी काय ती जवारी म्हाग न्हवती."

अप्पांच्या डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळलं. मायनं पदरानं ते टिपलं, चमचा पुढं केला आणि म्हणाली, "आ करा, सरकार."